बेसबॉलमधले बून घराणे

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च पायरी म्हणजे मेजर लीग. या पायरीवर आजोबा, मुलगा आणि नातू अशा सलग तीन पिढ्यांनी पाय ठेवला तो सर्वप्रथम कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या बून घराण्याने. आजोबा रे बून १९४८ ते १९६० या काळात खेळला, त्याचा मुलगा बॉब १९७२ ते १९९० या काळात. बॉबच्या तीन मुलांपैकी ब्रेट १९९२ मध्ये आणि धाकटा अ‍ॅरन १९९७ मध्ये मेजर लीगमध्ये आला. हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी या चौघांचीही निवड झाली, आणि तीन पिढ्यांत असा मान मिळवणारे हे पहिलेच कुटुंब ठरले. चौघांचे मिळून ६३४ होम रन होतात. अ‍ॅरन पुढे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉलमधल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत टीका सोसणाऱ्या संघाचा मॅनेजर झाला.

मेजर लीगमध्ये आजवर वीस हजारांहून अधिक खेळाडू येऊन गेले. त्यांत बाप-लेकांच्या जोड्या दोनशेहून अधिक आहेत, पण सलग तीन पिढ्या खेळलेली घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. बून घराण्यात मात्र तिन्ही पिढ्यांतले पुरुष नुसते हजेरी लावून परत गेले नाहीत. चौघेही हजाराहून अधिक सामने खेळले.

पुढचे समजण्यासाठी खेळाची थोडी तोंडओळख हवी. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि प्रत्येक डावात तीन गडी बाद होईपर्यंत खेळता येते. पिचरने फेकलेला चेंडू मारून फलंदाजाने चार बेसची फेरी पूर्ण केली की एक धाव मिळते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होम रन. फलंदाजाने चुकवलेला किंवा ठरलेल्या चौकटीतून सोडून दिलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, आणि असे तीन झाले की तो बाद. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. त्याची जागा विकेटकीपरसारखी दिसते, पण काम त्याहून मोठे असते, कारण प्रत्येक चेंडू कुठला टाकायचा हे पिचरला तोच सुचवतो. दहा प्रयत्नांत तीन वेळा फटका साधून बेस गाठणारा, म्हणजे .३०० सरासरीचा फलंदाज उत्तम समजला जातो. याचा अर्थ उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो, आणि हे त्याला एका हंगामात १६२ सामन्यांतून, जवळपास रोज, सोसावे लागते. बून घराण्याचा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकामागून एक पिढीत तिथे जे झिरपत गेले, त्यात बॅटच्या फटक्यापेक्षा हे रोजचे अपयश अंगवळणी पडणे अधिक मोलाचे होते.

रे बूनचा जन्म २७ जुलै १९२३ रोजी सॅन दिएगोत झाला. तिथल्या हूवर हायस्कूलमध्ये तो शिकला. बेसबॉलमधल्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांत गणला जाणारा टेड विल्यम्स काही वर्षे आधी त्याच शाळेत होता. क्लीव्हलँड संघाने १९४२ मध्ये रे बूनला कॅचर म्हणून करारबद्ध केले. लगेच दुसऱ्या महायुद्धात त्याला नौदलात जावे लागले आणि खेळाची ऐन उमेदीची वर्षे तिथे गेली. परत आल्यावर संघाने त्याला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर उभे केले. बेसबॉलमध्ये सर्वाधिक चपळाई लागते ती इथे. मेजर लीगमध्ये तो उतरला सप्टेंबर १९४८ मध्ये, आणि त्याच शरदात क्लीव्हलँडने वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. त्या मालिकेत नवख्या रे बूनला एकदाच बॅट हाती मिळाली. समोर बोस्टन ब्रेव्हजचा वॉरन स्पाह्न हा थोर डावखुरा पिचर होता. रे तीन स्ट्राइकवर बाद झाला. क्लीव्हलँडने त्यानंतर आजवर वर्ल्ड सीरिज जिंकलेली नाही, त्यामुळे त्या संघाच्या शेवटच्या विजेत्या चमूत एका बूनचे नाव कायमचे राहिले आहे.

क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप होता लू बूड्रो. तोच संघाचा मॅनेजर आणि तोच मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमधला १९४८ चा सर्वांत मौल्यवान खेळाडू. अशा माणसाची जागा घेणे रे बूनच्या नशिबी आले. प्रेक्षकांना जुना माणूस हवा होता, आणि नव्याची प्रत्येक चूक ठळक दिसत होती. जून १९५३ मध्ये त्याला डेट्रॉइट संघाकडे पाठवण्यात आले आणि तिथे तो तिसऱ्या बेसवर उभा राहिला. शॉर्टस्टॉपच्या धावपळीतून सुटका होताच त्याची बॅट खुलली. त्याच हंगामात त्याने २६ होम रन मारले. त्यातले चार तिन्ही बेस भरलेले असताना होते, आणि एका हंगामातला तेव्हाचा तो विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा होता. १९५५ मध्ये त्याच्या फटक्यांनी संघाला ११६ धावा मिळवून दिल्या. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी याहून अधिक कुणाच्याच नव्हत्या, फक्त बोस्टनच्या जॅकी जेन्सनच्या तेवढ्याच होत्या. पुढे तो पहिल्या बेसवर गेला, संघ बदलत राहिला आणि १९६० मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून खेळून थांबला.

बोस्टनशी जुळलेला धागा मात्र तिथे तुटला नाही. रे बून त्याच क्लबसाठी पुढची तीसेक वर्षे स्काउट म्हणून काम करत राहिला. स्काउट म्हणजे शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर हिंडून होतकरू मुले हेरणारा माणूस. कुंपणाला टेकून उभे राहायचे, एखाद्या पोराच्या खांद्याची हालचाल, पळण्याचा वेग आणि चुकल्यावर त्याचा चेहरा कसा होतो हे पाहायचे, आणि पाच-सात वर्षांनी तो कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. १९८६ मध्ये बोस्टनने निवडलेला कर्ट शिलिंग हा पुढे मोठा नावाजलेला पिचर रे बूनच्याच शोधातून संघाकडे आला. घरात असा पारखी बसलेला असणे ही बून घराण्याची फारशी न सांगितली गेलेली, पण फार मोठी पुंजी होती.

रेचा मुलगा बॉब बून १९ नोव्हेंबर १९४७ रोजी जन्मला. त्याचे लहानपण वडिलांच्या डेट्रॉइटमधल्या वर्षांत गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात तो मानसशास्त्र शिकला. १९६९ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने त्याला निवडले ते तिसऱ्या बेसचा खेळाडू म्हणून. क्लबने त्याला कॅचर केले. वडील कॅचरचे शॉर्टस्टॉप झाले होते, आणि मुलगा उलट वाटेने कॅचरकडे आला. नाराज होण्याऐवजी बॉबने ही जागा अभ्यासाचा विषय केली, आणि आपल्या काळातल्या सर्वोत्तम कॅचरमध्ये त्याची गणना होऊ लागली.

कॅचरचे काम शरीर खाऊन टाकणारे असते. एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा उकिडवे बसायचे आणि उठायचे, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारे चेंडू झेलायचे, बॅटला निसटता स्पर्श होऊन आलेले चेंडू बोटांवर, गळ्यावर, मांडीवर घ्यायचे. बहुतेक कॅचरचे गुडघे पस्तिशीपर्यंत संपतात. बॉब बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत फलंदाजामागे बसला. याचे श्रेय मोठ्या प्रमाणात गस हेफलिंग या व्यायामशिक्षकाकडे जाते. त्याच्या हाताखाली बॉबने कुंग-फूवर आधारलेला कठोर व्यायाम वर्षानुवर्षे केला. त्याच संघातला महान पिचर स्टीव्ह कार्लटनही हाच व्यायाम करी. सप्टेंबर १९८७ मध्ये बॉबने कॅचर म्हणून १,९१८ सामन्यांचा अल लोपेझचा जुना विक्रम मोडला, आणि निवृत्तीच्या वेळी हा आकडा २,२२५ वर पोहोचला होता. काही वर्षांनी कार्लटन फिस्कने तो अवघ्या एका सामन्याने ओलांडला.

बॉबचे दुसरे कसब डोळ्यांना सहज न दिसणारे होते. स्ट्राइकच्या चौकटीच्या अगदी काठावर आलेला चेंडू स्ट्राइक की नाही, हे ठरवायला पंचाकडे क्षणाचा अंश असतो. त्या वेळी कॅचरचा हात चेंडूच्या धक्क्याने बाहेर ढकलला गेला, तर पंचाच्या नजरेला चेंडूही बाहेर गेलेला वाटतो. बॉब चेंडू येण्याआधीच हातमोजा किंचित पलीकडे नेई आणि झेलताना आत आणी. मनगट सैल, कोपर वाकलेले, आणि चेंडू विसावला की हात दगडासारखा स्थिर. असे काठावरचे चेंडू सामन्यात दहा-पंधरा तरी असतात, आणि त्यातले निम्मे आपल्या पिचरकडे वळवले तर सामन्याचा निकाल फिरतो. आज संगणकाने हे कौशल्य मोजले जाते आणि संघ त्याचे पैसे मोजतात. बॉबच्या काळी ते फक्त पिचर आणि जाणकारांनाच कळत होते. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लव्ह पारितोषिक त्याला सात वेळा मिळाले, त्यातले शेवटचे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

बॅटच्या बाबतीत बॉब बेताचाच होता. कारकिर्दीची सरासरी .२५४. पण १९८० च्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने .४१२ च्या सरासरीने फटके मारले. फिलीज हा १८८३ पासूनचा क्लब, आणि तोवर त्यांनी एकदाही वर्ल्ड सीरिज जिंकली नव्हती. २१ ऑक्टोबरच्या रात्री फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्धचा सहावा सामना नवव्या डावात होता. फिलीज ४-१ ने पुढे होते, पण रॉयल्सचे तिन्ही बेस भरलेले आणि एकच गडी बाद. मैदानाच्या कडेला घोडेस्वार पोलीस येऊन उभे होते. फ्रँक व्हाइटच्या बॅटची कड लागून चेंडू फिलीजच्या बाकांजवळ उंच उडाला. बॉब धावला, हातमोजा वर नेला, चेंडू त्यात पडला आणि टण्णकन बाहेर उसळला. शेजारी पोहोचलेल्या सहकारी पीट रोझने तो जमिनीवर पडायच्या आत झडप घालून पकडला. दोन बाद. पुढच्या विली विल्सनला पिचर टग मॅग्रॉने तीन स्ट्राइकवर बाद केले आणि ९७ वर्षांची प्रतीक्षा संपली. हा झेल अमेरिकेत आजही दाखवला जातो आणि रोझच्या चपळाईचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण हातातला झेल निसटल्यानंतर पुढच्याच मिनिटाला शांतपणे बसून मॅग्रॉला खुणा करणारा बॉबही तितकाच पाहण्यासारखा आहे.

बॉब खेळाडूंच्या संघटनेतही आघाडीवर होता. १९८१ मध्ये खेळाडूंनी पन्नास दिवसांचा संप केला, तेव्हा नॅशनल लीगच्या खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून मालकांशी वाटाघाटी करणाऱ्यांत तो होता. संप मिटला, आणि त्याच वर्षाअखेरीस फिलीजने त्याला कॅलिफोर्निया एंजल्सकडे विकून टाकले. एंजल्समध्ये तो सात हंगाम खेळला. १२ ऑक्टोबर १९८६ रोजी तो संघ वर्ल्ड सीरिजच्या दारात उभा होता. बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध नवव्या डावाच्या सुरुवातीला ५-२ ची आघाडी होती, आणि शेवटी तर एकच स्ट्राइक बाकी राहिला होता. डेव्ह हेंडरसनने होम रन मारून बोस्टनला पुढे नेले. एंजल्सने त्याच डावात बरोबरी साधली ती बॉबच्याच फटक्याने सुरू झालेल्या खेळीतून, पण अकराव्या डावात सामना गेला आणि नंतर मालिकाही. त्या मालिकेत बॉबची सरासरी .४५५ होती.

याच वर्षांत ब्रेट आणि अ‍ॅरन वाढत होते, आणि ते वाढत होते क्लबहाऊसमध्ये. फिलाडेल्फियात खेळाडूंची मुले सामन्याआधी मैदानावर धुडगूस घालत. पीट रोझचा मुलगाही त्यांच्यात असे. सरावात उडालेले चेंडू पोरे गोळा करत, मोठ्यांचे हातमोजे घालून बघत, आणि खेळाडू काय खातात, कसे चिडतात, कसे हसतात हे जवळून पाहत. अ‍ॅरनला एक छंद जडला. प्रत्येक फलंदाजाच्या उभे राहण्याच्या ढबीची हुबेहूब नक्कल करून दाखवायची. मॅनेजर झाल्यानंतरही तो ती करतो. वरवर हा पोरखेळ वाटतो, पण नक्कल करायची तर वजन कुठल्या पायावर आहे, हात किती उंच आहेत, बॅट केव्हा हलते हे नेमके टिपावे लागते. इतर मुले चित्रांत आणि टीव्हीवर पाहून जे शिकत, ते या मुलांना दहा फुटांवरून दिसत होते.

ब्रेट बून, जन्म ६ एप्रिल १९६९, हा स्वभावाने घराण्यातला सगळ्यांत भडक. उंची पाच फूट दहा इंच. बेसबॉलच्या मोजमापात ही लहानच चण. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात खेळल्यावर १९९० मध्ये सिअ‍ॅटल मरीनर्सने त्याला घेतले. १९ ऑगस्ट १९९२ रोजी बाल्टिमोरमध्ये तो पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला, आणि त्या दिवशी तिसऱ्या पिढीचा इतिहासातला पहिला खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. आडनावाचे हे ओझे तो आनंदाने मिरवी, असे मुळीच नाही. आपल्याला आपल्या खेळावर ओळखावे ही त्याची धडपड होती. होम रन बसला की बॅट दिमाखात भिरकावून देण्याची त्याची सवय वडील आणि आजोबांच्या पिढीला रुचण्यासारखी नव्हती.

ब्रेट दुसऱ्या बेसवर खेळे. २००१ चा हंगाम त्याचा कळस. सिअ‍ॅटलने त्या वर्षी ११६ सामने जिंकले, आणि एवढे विजय अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही संघाने एका हंगामात कधीच मिळवलेले नाहीत. ब्रेटची सरासरी .३३१, होम रन ३७, आणि फटक्यांनी मिळवून दिलेल्या धावा १४१. हा शेवटचा आकडा लीगमधला सर्वाधिक होता. आजोबा १९५५ मध्ये ज्या यादीत वर होते, त्याच यादीत नातू शेहेचाळीस वर्षांनी पहिला आला. पुढच्या वर्षी २ मे रोजी शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध पहिल्याच डावात ब्रेटने दोन होम रन मारले, आणि त्याच डावात माइक कॅमरॉननेही दोन. एका डावात एकाच संघाच्या दोघांनी प्रत्येकी दोन होम रन मारण्याची ती पहिलीच वेळ. क्षेत्ररक्षणातही तो वडिलांचा मुलगा शोभला आणि चार गोल्ड ग्लव्ह घेऊन गेला. कारकिर्दीत २५२ होम रन मारून तो थांबला, तेव्हा घराण्यात सर्वाधिक होम रन त्याच्याच नावावर होते.

अ‍ॅरनचा जन्म ९ मार्च १९७३ चा. तोही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला. सिनसिनाटी रेड्सने त्याला १९९४ मध्ये घेतले, आणि १९९७ मध्ये तो मेजर लीगमध्ये पोहोचला. तेव्हा ब्रेट त्याच संघात होता. २७ सप्टेंबर १९९८ या हंगामाच्या शेवटच्या दिवशी रेड्सने मैदानाच्या आतल्या चारही जागांवर दोन भावांच्या जोड्या उतरवल्या. दुसऱ्या बेसवर ब्रेट, तिसऱ्यावर अ‍ॅरन, शॉर्टस्टॉपला बॅरी लार्किन आणि पहिल्या बेसवर त्याचा भाऊ स्टीफन. स्टीफनच्या आयुष्यातला मेजर लीगचा तो एकमेव सामना.

२००१ मध्ये बॉब सिनसिनाटीचा मॅनेजर झाला, आणि बाप मुलाचा साहेब झाला. मुलाला झुकते माप दिले असे कुणी म्हणू नये आणि मुलावर अन्यायही होऊ नये, ही कसरत दोघांनी अडीच हंगाम केली. संघ मात्र जिंकत नव्हता. २८ जुलै २००३ रोजी क्लबने बॉबला काढून टाकले. तीनच दिवसांनी, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, अ‍ॅरनला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवण्यात आले. निरोप घेताना त्याला अश्रू आवरले नाहीत. दोन आठवड्यांपूर्वीच, १५ जुलैला, तो आणि ब्रेट शिकागोतल्या ऑल-स्टार सामन्यात एकमेकांविरुद्धच्या संघांतून खेळले होते.

न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅरनची बॅट रुसली. ऑक्टोबरात अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजची गाठ बोस्टनशी पडली. १९१८ नंतर बोस्टनने वर्ल्ड सीरिज जिंकली नव्हती, आणि अनेकदा ती हातातून निसटली होती ती यांकीजमुळे. मालिका ३-३ अशी बरोबरीत आली. १६ ऑक्टोबरच्या निर्णायक सातव्या सामन्यासाठी मॅनेजर जो टॉरीने अ‍ॅरनला बाकावर बसवले. बोस्टनकडून पेड्रो मार्टिनेझ पिचिंग करत होता, आणि आठव्या डावात बोस्टन ५-२ ने पुढे होते. यांकीजने थकलेल्या पेड्रोवर हल्ला चढवून बरोबरी साधली. त्या गडबडीत अ‍ॅरनला दुसऱ्याच्या जागी धावायला पाठवले गेले, आणि तो सामन्यात आला.

अकराव्या डावात यांकीजकडून पहिली पाळी अ‍ॅरनची. समोर टिम वेकफील्ड. हा नकलबॉल टाकणारा पिचर होता. बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ फिरकी न देता सोडलेला चेंडू शिवणीवरून वाहणाऱ्या हवेमुळे वाटेत लटपटतो आणि कुठे जाईल हे कॅचरलाही कळत नाही. वेग ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरच, पण ज्यांना सवय नाही त्यांना तो मुळीच खेळता येत नाही. त्या मालिकेत वेकफील्डने यांकीजला दोनदा हरवले होते. त्याचा तो चेंडू लटपटला नाही. पहिल्याच चेंडूवर अ‍ॅरनने बॅट फिरवली आणि चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. मध्यरात्र उलटून सोळा मिनिटे झाली होती. यांकीज ६-५ ने जिंकले. टीव्हीच्या समालोचन कक्षात त्या रात्री पाहुणा म्हणून ब्रेट बसला होता, आणि त्याच्या शेजारचा समालोचक टिम मॅकार्व्हर हा कधीकाळी फिलाडेल्फियात बॉबचा सहकारी कॅचर होता. भावाचा फटका पाहून ब्रेटला शब्द सुचले नाहीत.

ज्या क्लबसाठी आजोबांनी तीस वर्षे मुले हेरली, त्याच क्लबच्या चाहत्यांना नातवाने त्या रात्री रडवले. बोस्टनमध्ये आजही अ‍ॅरनच्या नाव आणि आडनावाच्या मध्ये एक शिवी घालून त्याचा उल्लेख करतात. यांकीज त्यानंतर वर्ल्ड सीरिज हरले, ही गोष्ट मात्र पुष्कळांना आठवतही नाही. रे बून बरोबर एक वर्षाने, १७ ऑक्टोबर २००४ रोजी गेला. त्याच आठवड्यात ०-३ ने मागे पडलेल्या बोस्टनने यांकीजला हरवून इतिहास घडवला, आणि त्यातला सहावा सामना जिंकून दिला रे बूनने हेरलेल्या कर्ट शिलिंगने.

अ‍ॅरन तेव्हा यांकीजमध्ये नव्हता. जानेवारी २००४ मध्ये मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. करारानुसार त्याला हा खेळ खेळण्याची मनाई होती. काहीतरी बहाणा सांगता आला असता, पण त्याने क्लबला खरे कारण सांगितले आणि लाखो डॉलर्सवर पाणी सोडले. तिसऱ्या बेसची जागा रिकामी झाली म्हणून यांकीजने अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला आणले. अ‍ॅरन पुढे क्लीव्हलँडकडून खेळला. आजोबांनी तिथूनच सुरुवात केली होती.

मार्च २००९ मध्ये त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. महाधमनीच्या झडपेला सामान्यतः तीन पाकळ्या असतात. त्याच्या झडपेला जन्मतःच दोन होत्या. हा दोष डॉक्टरांच्या नजरेखाली अनेक वर्षे होता, आणि अखेर झडप बदलावी लागली. छाती उघडून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा महिन्यांत तो ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडून मेजर लीगमध्ये परत उभा राहिला. त्या काही सामन्यांत एकही फटका साधला नाही, पण त्याला खेळाडू म्हणूनच निवृत्त व्हायचे होते, रुग्ण म्हणून नव्हे.

काही वर्षे टीव्हीवर समालोचन केल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये यांकीजने त्याला मॅनेजर नेमले. कुठल्याही संघाचा मॅनेजर किंवा प्रशिक्षक म्हणून त्याने तोवर एक दिवसही काम केले नव्हते, म्हणून या नेमणुकीवर टीका झाली. पहिल्या हंगामात संघाने १०० सामने जिंकले, दुसऱ्यात १०३. पहिल्या दोन्ही हंगामांत शंभर विजय मिळवणारा तो पहिला मॅनेजर. तरी २०१८ मध्ये आणि २०२१ मध्ये बाद फेरीत त्याला घरी पाठवले ते बोस्टननेच. २०२४ मध्ये त्याने संघाला वर्ल्ड सीरिजपर्यंत नेले, पण लॉस एंजेलिस डॉजर्सने पाच सामन्यांत मालिका जिंकली, आणि शेवटच्या सामन्यात तर यांकीजने ५-० ची आघाडी एकाच डावात गमावली. पंचांशी भांडून मैदानाबाहेर हाकलले जाणे ही त्याची ठरलेली गोष्ट आहे. खेळाडूंवर मात्र तो पत्रकारांसमोर कधी बोट ठेवत नाही, आणि याबद्दल न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे त्याला मऊ म्हणतात. बापाला, भावाला आणि स्वतःला हजारो वेळा अपयशी होताना पाहिलेल्या माणसाने खेळाडूच्या एका वाईट रात्रीवरून त्याची किंमत ठरवू नये, यात नवल काहीच नाही.

अशी घराणी कशामुळे घडतात? शरीर वारशाने येते हे खरे. नजर, प्रतिक्रियेचा वेग, खांद्याची ठेवण यांचा वाटा नाकारता येत नाही. पण बून घराण्यातले चौघे चार प्रकारचे खेळाडू होते. आजोबा फटकेबाज, बाप बॅटने बेताचा आणि हातमोज्याने अलौकिक, थोरला नातू दोन्हीकडे चमकणारा, धाकटा दोन्हीकडे मध्यम. एकच शारीरिक देणगी चौघांकडे आली असे दिसत नाही. चौघांत समान होते ते या व्यवसायाचे घरबसल्या मिळालेले ज्ञान. जागा बदलावी लागली तर बदलायची, संघाने विकले तर सामान बांधायचे, दहा सामने बॅट चालली नाही तरी अकराव्याला तसेच उतरायचे, हे या घरातल्या मुलांना कुणी वेगळे शिकवावे लागले नाही. त्यात आडनावाचाही फायदा होता, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओळखीच्या घरातल्या मुलाकडे स्काउट दुसऱ्यांदा वळून पाहतात. ती दुसरी नजर अनेक गुणी मुलांच्या वाट्याला कधीच येत नाही.

तरीही आडनाव दारापर्यंतच नेते. ब्रेट आणि अ‍ॅरनचा तिसरा भाऊ मॅट याला डेट्रॉइटने १९९७ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडले होते. त्याने मेजर लीगखालच्या मायनर लीगमध्ये अनेक वर्षे घाम गाळला, पण मेजर लीगमध्ये तो पोहोचला नाही. पीट रोझच्या मुलाला ११ सामने मिळाले. थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेम या सन्मान-दालनात असलेल्या कार्ल यास्ट्रेम्स्कीचा मुलगा मायनर लीगच्या पुढे गेला नाही, आणि नातू माइक मात्र गेला.

बून घराण्यापाठोपाठ तीन पिढ्यांची आणखी काही घराणी झाली. गस, बडी आणि डेव्हिड या बेल घराण्यातले बडी आणि डेव्हिड बॉब-अ‍ॅरनप्रमाणेच बाप-लेक मॅनेजर झाले. हेअरस्टन घराण्याची कहाणी वेगळीच. आजोबा सॅम हेअरस्टनची उमेद कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या नीग्रो लीगमध्ये गेली, आणि १९५१ मध्ये व्हाइट सॉक्सने त्याला घेतले ते अवघ्या चार सामन्यांपुरते. त्याच्या एका मुलाने आणि नातवांनी मेजर लीगमध्ये दीर्घकाळ खेळून दाखवले. कोलमन घराण्यात तिन्ही पिढ्या पिचर होत्या.

बून घराण्याची चौथी पिढीही मैदानात उतरली. ब्रेटचा मुलगा जेक याला वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१७ मध्ये निवडले, तेव्हा त्याने करार न करता प्रिन्सटन विद्यापीठात जाणे पसंत केले. २०२० मध्ये तो त्याच क्लबमध्ये दाखल झाला. आजोबा बॉब तिथेच व्यवस्थापनात काम करत होता. जेक मायनर लीगमध्ये खेळला, पण मेजर लीगपर्यंत गेला नाही. सलग चार पिढ्या मेजर लीगमध्ये खेळलेले घराणे बेसबॉलच्या इतिहासात अजून झालेले नाही.